कुस्तोदियोच्या पाच पायऱ्या

कुस्तोदियो टेलरचा पाय मांडीपासून कापला, ही बातमी त्याच्या आधी धामापुरात पोहोचली. बाबली नावाच्या गिऱ्हाइकाने तर शिवायला टाकलेलं पँटीचं कापड परत मागितलं. एका पायाचा टेलर दोन पायांची पँट सारखी शिवेल कशी, हा त्याचा प्रश्न. खरं एवढंच, की अडुसष्ट वर्षं झिजलेला उजवा गुडघा काढून डॉक्टरांनी नवा बसवला होता. पाय जाग्यावर होता. जीभही.

धोक्यात होतं ते दुकान. घर वर, दुकान खाली रस्त्याला, मधे चिऱ्याच्या पाच पायऱ्या. बायको गेल्यापासून माणूस एकटा. मुलगा क्रिस्टोफर पंधरा दिवस राहिला आणि वसईला परतताना बजावून गेला, "पप्पा, दीड महिन्यान येतलंय. कोणी न धरता खाली जावन दुकान उघडलात तर बरा. नाय तर कुलूप घालून माझ्यावांगडा वसईक चला."

फिजिओथेरपिस्ट रॉविना मालवणहून स्कूटरवर यायची. झोपून टाच कुल्ल्याकडे ओढायची, गुडघा वाकवायचा, हा पहिला धडा. कुस्तोदियोने त्याला टेप लावली. टाच पोहोचेल तिथे चादरीवर खडूची रेघ. संध्याकाळी खिडकीतून जाहीर व्हायचं, "आज पाऊण इंच." येणारे-जाणारे रेघा बघायला आत डोकावू लागले.

तीन आठवड्यांनी रॉविनाने रेघा पाहिल्या, कौतुक केलं आणि त्याला पाय लांब करायला सांगून गुडघ्याखाली हात घातला. अख्खा पंजा आरपार गेला.

"अंकल, वाकवलात बरो. सरळ कोण करतलो?"

टेप फक्त वाकण्याचं माप घेत होती. वर आराम पडतो म्हणून गुडघ्याखाली दिवसभर उशी.

"उशी काढा. असोच आखडलो तर पायरेर लंगडतल्यात."

चाळीस वर्षांत कुणाच्या बाहीचं माप चुकलं नव्हतं, चुकलं ते स्वतःच्या पायाचं. उशी त्याच दिवशी माळ्यावर गेली. टाच कापडाच्या गुंडाळीवर, गुडघा अधांतरी, आणि मांडी आवळून तो खाली दाबायचा, दहा आकडे. घामाने बनियन भिजून निघे. शेजारून कुणी कळवळलं, "ऱ्हवांदे रे आज," की उत्तर तयार, "तू आधी तुझा तोंड सरळ कर."

पंजाच्या जागी दोन बोटं मावू लागली. मग एका मंगळवारी गुडघ्याखालून टेपही सरकेना. त्याच दुपारपासून पायऱ्या: उतरताना नवा पाय आधी, हात कठड्यावर. पहिल्या दिवशी एक, शनिवारपर्यंत तीन.

क्रिस्टोफर आला तेव्हा अर्ध्या वाडीला नेमकं त्याच रस्त्यावर काम निघालं होतं. कुस्तोदियो पाचही पायऱ्या उतरला. मधे थांबला, पण कुणाचा हात घेतला नाही. दुकानाच्या फळ्या काढल्या, मशीनवर बसला आणि एक सरळ शिलाई मारली.

क्रिस्टोफर जवळ येऊन हळूच म्हणाला, "तरी चला पप्पा. आमच्या बिल्डिंगीत लिफ्ट आसा. एकव पायरी चढूची नाय."

सुईवरची नजर न काढता कुस्तोदियो म्हणाला, "मगे ह्यो गुडघो काय लिफ्टीत उभो ऱ्हवाक घातलंय?"