सगुणीचं ‘हूं’

दोन-चार माणसं एका खोलीत एकच काम वर्षानुवर्षं करत बसली, की किस्से आपोआप साठतात. काम राहतं आणि किस्सेही राहतात, असं बाकीच्यांचं होत असेल. आमचं कामच कुठल्यातरी कॅसेटवर पुसलं गेलं, त्यावर कुणाच्या तरी बारशाचं शूटिंग आलं, आणि आमच्या हातात किस्से तेवढे शिल्लक राहिले! म्हणून सांगत बसतो. कुणीतरी चहा सांगा.

नव्वदीच्या शेवटशेवटची गोष्ट. तेव्हा कोल्हापुरात केबलवर लोकल चॅनेल असायचं. सकाळी आरती, दुपारी पिक्चर, खाली साड्यांच्या सेलची पट्टी. त्यावर दर रविवारी सकाळी आमची कार्टून मालिका लागायची, ‘दौलू आणि सगुणी’. दौलू म्हणजे एकही कुस्ती न जिंकलेला पैलवान. सगुणी त्याची म्हैस. दौलू अखंड बडबडायचा, काहीतरी अचाट बेत करायचा आणि तोंडावर आपटायचा. शेवटी सगुणी त्याच्याकडं बघून नुसतं ‘हूं’ म्हणायची. संपला भाग!

चित्रं काढायचा गडमुडशिंगीचा आनंदा. गोष्टी लिहायच्या आणि दौलूचा आवाज द्यायचा मी. सगुणीचा आवाज अक्काताईंचा, त्या कशा सापडल्या ते पुढं सांगतो. चॅनेलचे मालक भाऊसाहेब. माणूस दिलदार, तोंडात सदानकदा पान, पण एक खोड होती. भाग बघून झाला की पान गालात सरकवून विचारायचे, “बाकी झ्याक हाय. बोध कुठाय?”

लहान मुलांचं म्हटलं की बोध पाहिजेच, असं त्यांचं मत. शेवटी म्हशीनं पोरांना चार चांगले शब्द सांगावेत, नाहीतर मालिका बंद. ही धमकी महिन्याकाठी एकदा ठरलेली. आम्ही तिघांनी पण ठरवलं होतं, मालिका गेली तरी बेहत्तर, सगुणी बोलणार नाही! आमच्या मालिकेत खंडीभर उणिवा होत्या, त्या मी स्वतः सांगणार आहे. पण आमची म्हैस ही म्हैस होती. त्यावर मी आजही कुणाशीही भांडायला तयार आहे.

* * *

पहिली खोट म्हणजे तोंडं. बोलणारं तोंड काढायला किती चित्रं लागतात हे आनंदाला पहिल्याच आठवड्यात कळलं. एक जुना कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि चित्रं काढणारा एकटा गडी. मग त्यानं काय केलं? दौलूला तोंड झाकेल एवढ्या मिशा काढल्या! मिशा वरखाली झाल्या की दौलू बोलला असं समजायचं.

एकदा एका लग्नाच्या पंगतीत शेजारचे पाहुणे म्हणाले, “तुमच्या पैलवानाचं ओठ काय हलत न्हाईत.”

आनंदानं पांढऱ्या रश्श्याची वाटी खाली सुद्धा ठेवली नाही. “पावणं, मिशी हलती की! कोल्हापुरात माणसाच्या ओठाकडं बघतंय कोण?”

* * *

आमची खोली शाहूपुरीत, अक्काताईंच्या घराच्या माडीवर. खाली त्यांचं तेल-डाळीचं दुकान. माहेर निपाणीकडचं. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि भांडण जुंपलं की दोन्ही!

सगुणीच्या आवाजासाठी आम्ही नाटकातली माणसं आणून पाहिली. कुणी रेड्यासारखं ओरडायचा, कुणी भुतासारखं. एके दिवशी असंच रेकॉर्डिंग चालू असताना अक्काताई माडीवर आल्या. “पाण्याची टाकी भरून वाहायला लागली. मोटर कुणी चालू ठेवलीया?”

मी आनंदाकडं बोट दाखवलं. आनंदानं माझ्याकडं. अक्काताईंनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, “हूं.”

त्या खाली गेल्या.  मग आनंदानं टेप मागं फिरवून परत लावली, आणि आम्ही दोघं उठून जिन्यावरून त्यांच्या मागं पळत सुटलो. मोटर तशीच चालू!

पुढं त्या इतक्या तयार झाल्या, की रेकॉर्डिंगच्या आधी विचारायच्या, “आज कुठलं देऊ? वैरणीचं, रागाचं, का माया आल्याचं?” बाहेरच्या माणसाला तिन्ही सारखीच वाटतील. पोरांना बरोबर कळायची.

* * *

हूं म्हणायच्या आधी सगुणी बराच वेळ नुसती रवंथ करायची. जबडा डावीकडं, जबडा उजवीकडं, मग थांबायची, बघायची, पापणी मिटायची, आणि मग हूं. लोक म्हणतात, काय टायमिंग होतं! टायमिंग कसलं डोंबलाचं? भाग भरायचा होता आणि चित्रं संपली होती!

पहिला भाग लागला तेव्हा भाऊसाहेबांच्या ऑफिसचा फोन खणाणायला लागला. “केबल अडकली वाटतं! म्हैस नुसती बघत उभारलीया!” भाऊसाहेबांनी घाबरून माणूस खांबावर चढवला. तो वर पोचेपर्यंत सगुणी हूं म्हणाली आणि गल्लीतली पोरं घराघरांतून हसली. त्यानं वरूनच ओरडून सांगितलं, “मालक, केबल चांगली हाय! म्हैसच तशी हाय!”

* * *

मग ते लोण पसरलं. राजारामपुरीतल्या एक बाई तावातावानं माडीवर आल्या. त्यांच्या लेकीला अभ्यास झाला का विचारलं, की ती जबडा डावीकडं करायची, उजवीकडं करायची, पापणी मिटायची आणि हूं म्हणायची.

“पोरगी बिघडवली माझी!” बाई आमच्यावर ओरडत होत्या. “कोण हाय ती हूं म्हणणारी? मला तिच्याशीच बोलायचं हाय!”

आम्ही दुकानाकडं बोट दाखवलं. बाई खाली गेल्या. अक्काताई तूरडाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि विचारलं, “पोरीचा अभ्यास झालेला असतोय का न्हाय?”

“झालेला असतोय की.”

“मग ती खरंच बोलती की ओ!”

बाई डाळ घेऊन गेल्या.

* * *

दुसरी खोट झाडाची. दौलू कुठंही पळाला तरी मागून एकच झाड जायचं. तो पन्हाळ्याला पळो, रंकाळ्याला पळो, झाड तेच. कागलच्या एमआयडीसीत कामाला असणारे आनंदाचे मेव्हणे एकदा वैतागून म्हणाले, “आमच्यात खराब पार्ट लगेच बदलत्यात. तुम्हाला एक झाड बदलंना!”

आनंदा त्या रात्री जेवला नाही. लई लागलं त्याला. पण नवं झाड काढायला वेळ कुठून आणायचा? पुढच्या रविवारी दौलू पळाला, आणि ते झाड परत आलं. या वेळी त्याच्या बुंध्यावर पाटी होती, ‘परत मीच.’

मेव्हण्यांनी जिलेबी पाठवून दिली.

* * *

आता गाण्याचंही सांगून टाकतो. एका भागात आम्ही गाणं घातलं. चाल आनंदाची, आवाज माझा. त्याबद्दल एवढंच सांगतो, की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणीच आमच्याशी त्या भागाबद्दल बोललं नाही. कोल्हापुरात माणसं गप्प बसली म्हणजे समजून जायचं.

* * *

हुपरीहून एक गृहस्थ एसटीनं आले. चांदीचं काम करणारे. माडी चढून धापा टाकत म्हणाले, “तुमच्या म्हशीच्या एकाच पायात पैंजण हाय. दुसरं कुठं गेलं?”

खरं कारण म्हणजे दुसरं पैंजण काढायचं, तर प्रत्येक चित्रात काढायला लागलं असतं. पण त्या माणसाचा चेहरा इतका काळजीचा होता, की माझ्या तोंडून निघून गेलं, “हरवलं.”

“हरवलं? अन तुम्ही हुडकलं न्हाई?”

आम्ही तिघं एकमेकांकडं बघायला लागलो. आणि पुढचा भाग म्हणजे दौलू गावभर सगुणीचं पैंजण हुडकतो आणि आपला लंगोट हरवून येतो! आमच्या सगळ्या भागांत चांगला भाग तोच. त्या गृहस्थांचा फोन आला. “भाग झ्याक झाला. पण सापडलं न्हाय म्हणा की!” म्हणाले. “सापडलं तर कळवा.”

* * *

एकदा मुंबईहून एका मोठ्या चॅनेलचे साहेब आले. मालिका पाहून खूप हसले. आम्ही हुरळलो. मग म्हणाले, “सगळं घेऊ. फक्त म्हैस नको. म्हैस काळी, पडद्यावर उठत नाही. तिच्या जागी हत्तीचं पिल्लू टाका, आणि ते हिंदी बोलू दे.”

मोठी संधी होती, नाही म्हणत नाही.  आनंदानं मात्र अगदी नम्रपणे विचारलं, “साहेब, दौलू सकाळी दूध कट्ट्यावर जाऊन समोर पिळलेलं दूध कुणाचं पिणार? हत्तीचं?”

साहेब गेले. भाऊसाहेबांना हे कळलं तेव्हा ते लई भडकले. “चॅनेलवाल्यास्नी नको म्हणता, बोध घालत न्हाई म्हणता! मालिका कुणाच्या जिवावर चालतीया?”

आणि त्यावरूनच पुढचं घडलं.

* * *

शनिवारी भाऊसाहेब स्वतः माडीवर आले. हातात स्वतः लिहिलेला कागद. “आज हे रेकॉर्ड व्हायला पायजे. न्हाईतर उद्यापासनं त्या टायमाला साड्यांची पट्टी. आता लई झालं.” स्टूल ओढून ते माईकच्या समोरच बसले. पान चघळत.

या खेपेला धमकी खरी होती. आवाजावरून कळत होतं.

कागदावर सगुणीचं भाषण होतं. ‘बालमित्रांनो, आळस हा माणसाचा शत्रू आहे. नेहमी मोठ्यांचे ऐकत जा.’ मी कागद वाचला, आनंदाला दिला, आनंदानं अक्काताईंना.  मी म्हणालो, “भाऊसाहेब, बंद करायची तर करा. पण म्हैस बोलणार नाही.”

आनंदानं चित्रांचा गठ्ठा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. “ही सगळी घिऊन जावा. झाड बी न्या. पण सगुणी न्हाय बोलायची.”

भाऊसाहेबांनी अक्काताईंकडं पाहिलं. “तुम्ही तरी शाण्या हाईसा. वाचा बघू.”

अक्काताईंनी चष्मा लावला. कागद सावकाश वाचला. मग विचारलं, “भाऊसाहेब, मी म्हैस न्हवं?”

“व्हय.”

“आजच्या भागात दौलूनं मला वैरण टाकली?”

“न्हाय. इसरला.”

“दिवसभर उपाशी बांधली मला. अन मी पोरास्नी सांगू, मोठ्यांचं ऐका म्हणून?”

 भाऊसाहेब नुसतं पान चघळत राहिले. जबडा डावीकडं गेला. उजवीकडं आला. मग थांबला. त्यांनी अक्काताईंकडं पाहिलं, मांडीवरच्या चित्रांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. सावकाश एकदा पापणी मिटली.

“हूं,” म्हणाले.

चित्रांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि जिना उतरून गेले.

आम्ही दोघंही अक्काताईंकडं वळलो. आनंदानं विचारलं, “अक्का, हे कुठलं होतं?”

अक्काताईंनी हातातल्या बोधाच्या कागदाची, सवयीनं, छान टोकदार पुडी वळली.

“माईक लावा,” त्या म्हणाल्या. “खाली गिऱ्हाईक शेंगदाण्याला थांबलंय.”