ओढ्याच्या तोंडाशी

माझा भाऊ फौजेतून रिटायर होऊन आला, तो मासे शोधायचं मशीन घेऊनच. होडीला लावलं की पाण्याखालचे मासे पडद्यावर ठिपक्यांसारखे दिसायचे. आमचा बाप साताऱ्याकडच्या या धरणात जन्मभर जाळं टाकत आलेला. पण ओढा जिथं धरणाला मिळतो, तिथं पावसाळ्यात तो होडीसुद्धा नेत नसे, कारण मासे अंडी घालायला तिथूनच वर चढतात. त्या आषाढात पडदा नेमका तिथंच ठिपक्यांनी भरला आणि आम्हा दोघा शहाण्यांना दम निघेना. जाळं ओढलं तर एकेक मासळी अंड्यांनी टम्म फुगलेली.

बाप काठावर उभा होता. म्हणाला, "पोटुशी हायती रं, सोडा."

आम्ही हसलो. पुढचे तीन-चार पावसाळेही तिथंच ओरबाडलं. बापानं त्या दिवसापासून मासा तोंडाला लावला नाही, तो मरेपर्यंत.

आता गावात जो तो विचारतो, धरणातले मासे गेले कुठं? मीही निर्लज्जासारखी मान हलवतो. परवा ओढ्याच्या तोंडाशी तासभर होडी फिरवली. पडद्यावर नुसता तळ दिसत होता, एकही ठिपका नाही.

भाऊ म्हणाला, "मशीन बिघडलंय गड्या. नवं घिऊ."