नाताळची कोळंबी आणि बंद पडलेला कालवा

आमच्या चिंचणीच्या किनाऱ्यावर एके काळी कोळंबीला फारसं कोणी विचारत नसे, हे आज सांगितलं तर पोरं हसतात. मान होता तो पापलेटला आणि बोंबलाला. जाळ्यात कोळंबी आली तर घरच्या कालवणाला घ्यायची, उरली तर उकडून, सोलून, उन्हात वाळवून तिचे सोडे करायचे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा असंच चाललं होतं. मग एका हंगामात बर्फाने भरलेला ट्रक थेट वाळूच्या कडेपर्यंत आला.

ट्रकमधून मुंबईचा एक शेठ उतरला. त्याला फक्त मोठी कोळंबी हवी होती, तीही मुंडकी काढलेली. त्याने जो भाव सांगितला तो ऐकून माझ्या सासूला वाटलं, हा थट्टा करतोय. आमच्याकडे पुरुष दर्यावर जातात आणि मासळी किनाऱ्याला लागली की ती बायकांची. भाव करायचा तो बायकांनी. सासू त्यात सगळ्यांत जाणती, तिच्या शब्दावर आजूबाजूच्या दहा घरांच्या पाट्या उचलल्या जात.

"एवढी कोलंबी खातंय कोण?" तिने विचारलं.

"अमेरिका खाते, मावशी. जपान खातो. मुंबईत गोठवायची आणि बोटीत चढवायची."

सासूने माझ्याकडे बघितलं. मी सातवी पास, घरात वर्तमानपत्र वाचणारी एकटी, म्हणून असलं काही निघालं की सगळे माझ्याकडे बघत. मला तरी काय ठाऊक! पण घरी जाईपर्यंत मी तेच घोळवत राहिले. आमच्या जाळ्यातला जीव अमेरिकेच्या ताटात!

त्यानंतर मी ऐकायला लागले. ग्रामपंचायतीत रेडिओ होता, त्यावर संध्याकाळच्या बातम्या लागायच्या. सहासष्ट साली जूनमध्ये, होड्या वाळूवर ओढून ठेवल्या होत्या तेव्हा, सरकारने रुपयाची किंमत उतरवली. गावात जो तो हळहळत होता. नारळी पौर्णिमा झाली, होड्या बाहेर पडल्या, आणि शेठने आपणहून कोळंबीचा भाव वाढवला. मी चक्रावले. रुपया पडला आणि आमची मासळी चढली?

शेठ हसला. "तिकडचा गिऱ्हाईक डॉलरच देतो, ताई. पहिल्याइतकेच देतो. पण त्या डॉलरचे इथे आता जास्त रुपये होतात. मग मीही तुम्हाला चार जास्त देतो, नाहीतर दुसरा कोणीतरी देईल."

घरी जाताना पाटी रिकामी, हलकी होती म्हणून नव्हे, पण मी खरंच उड्या मारत गेले असेन. दिल्लीत एक निर्णय झाला आणि तो आमच्या वाळूवर येऊन उभा राहिला, हे मला फार मोठं वाटलं.

त्याच वर्षी तारापूरला अणुवीज केंद्राचं काम जोरात होतं. बोईसरच्या रस्त्यावर दिवसभर मोटारी, सगळीकडे हिंदी बोलणारे कामगार, आणि एका बाजूला अमेरिकन इंजिनियरांची घरं. तिथे मी पापलेट आणि कोळंबी घेऊन जायची. एका घरातला आचारी वसईकडचा होता, आपल्यासारखं मराठी बोलायचा, म्हणून त्याच्या दारात मी थोडी टेकायची.

नाताळच्या आदल्या दिवशी त्याने मला मागच्या दाराने आत घेतलं. "ये, बघ तुझी कोळंबी कुठं बसलीय ती."

टेबलावर काचेचं मोठं भांडं, त्यात बर्फाचा चुरा, आणि भांड्याच्या कडेला माझी कोळंबी रांगेने टांगून ठेवलेली. नुसती उकडलेली! ना हळद, ना चिंच. मधोमध वाटीत लाल चटणी. मडम तिथेच उभी होती. तिने एक कोळंबी उचलली, लाल चटणीत बुडवली आणि माझ्या हातात दिली. मी खाल्ली. गार, गोड, वर आंबट. तोंड वाकडं करायच्या तयारीत होते, पण चव वाईट नव्हती.

मडम भराभर काहीतरी बोलत होती आणि आचारी सांगत होता. "बाई म्हणतात, तिकडे नाताळ आणि नवीन वर्षाला घराघरात हेच असतं. दुकानदार तर आधीपासून माल भरून ठेवतात. आणि तिकडे ही इतकी महाग की पाहुण्याला मोजून वाढायची. इथे तुम्ही पाटी भरून आणता ते बघून बाई रोज चकित होतात."

"आधीपासून म्हणजे कधी?" मी विचारलं.

त्याने मडमला विचारलं. ती खांदे उडवून हसली, मग म्हणाली की पानं गळायला लागतात तेव्हापासून. म्हणजे आपला दसरा-दिवाळीचा सुमार, असं आचाऱ्याने जुळवलं. मी ते मनात पक्कं धरून ठेवलं. कशाला, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी पावसाळा तोंडावर असताना रेडिओवर इजिप्तकडच्या लढाईच्या बातम्या सुरू झाल्या. लढाई लवकर संपली, पण सुवेझचा कालवा बंद पडला तो पडलाच. बोटी आता आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून जाणार, असं बातम्यांत सांगितलं. मी शाळेतला नकाशा आठवून जमिनीवर बोटाने आफ्रिका काढली आणि सासूला तो वळसा दाखवला.

"आगो, हे तर मुंबईस जायला गुजरातेतून फिरून जाण्यासारखं हाय," ती म्हणाली.

हंगाम सुरू झाला. शेठ ट्रक घेऊन आला आणि त्याने भाव एकदम पाडला. इतका, की बायका पाट्या घेऊन उभ्याच राहिल्या.

"माझ्या हातात काही नाही, मावशी," तो म्हणाला. "कालवा बंद. बोटीचं भाडं चढलंय, विमा चढलाय. ते कुठून काढू?"

तो खोटं बोलत नव्हता. भाडं वाढलंच असणार. सासू पाटी खाली ठेवायला वाकली, आणि माझ्या डोक्यात एकदम ते काचेचं भांडं आणि आफ्रिकेचा वळसा एकमेकांना चिकटले. सासूच्या कानाशी जाऊन म्हटलं, "आय, थांबा. जरा मला बोलू द्या."

चार बायकांसमोर, सासू उभी असताना सुनेने भावात तोंड घालायचं, असं आमच्यात नव्हतं. सासूने क्षणभर मला निरखलं. मग पाटी पुन्हा कमरेवर घेतली. "बोल. तुला काय बोलायचं हाय ते बोल."

"शेठ," मी म्हटलं, "तिकडचं नाताळ कालवा बंद म्हणून पुढे गेलंय का?"

"म्हणजे?"

"दुकानदाराला माल दिवाळीच्या सुमाराला लागतो. बोटीला आता लांबून जायचंय. मग तुमचा माल गेल्या सालापेक्षा लवकर निघायला हवा. तुमाला आता थांबायला वेळ नाय. आमाला हाय. आमी सोडे करू."

शेठने एकदा ट्रककडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "तुला हे कोणी सांगितलं?"

"नाताळ करणाऱ्या बाईने."

तो ट्रकमध्ये बसला आणि रिकामा निघून गेला. बर्फाचं पाणी वाळूवर गळत राहिलं.

आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. दहा घरांची मासळी माझ्या बोलण्यावर अडली होती. एक शेजारीण म्हणाली, "शिकल्याली सून आनली, आता बसा सोडं चावत." सासूने मोठी भांडी काढायला लावली, चुली पेटल्या, आणि आम्ही सगळ्याजणी कोळंबी उकडून सोलायला बसलो. बोटांची सालं निघाली. दुसऱ्या दिवशी ट्रक आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. चटया गुलाबी सोड्यांनी भरून गेल्या. सासू जेवताना माझ्या ताटात मोठा तुकडा वाढायची.

मग एका सकाळी, भरती उतरत असताना, रस्त्यावर धूळ दिसली. ट्रक! पण तो शेठचा नव्हता, कोणी दुसराच व्यापारी होता, गुजराती बोलणारा, त्यालाही नाताळच्या बोटींसाठी माल हवा होता. आणि तो भाव सांगतोय न सांगतोय तोच मागून आमच्या शेठचा ट्रक भोंगा वाजवत आला. दोन ट्रक! किनाऱ्यावर एकच गलका झाला. पोरं धावली, बायका पदर खोचून पुढे झाल्या. हा एक बोलला की तो त्याच्यावर चढवायचा. सासू मधे उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होती आणि तिचे डोळे असे चमकत होते की जणू तीच वीस वर्षांची सून. भाव गेल्या सालच्याही वर गेला.

ट्रक भरून गेल्यावर तिने सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी धडपडले. "बोलायला शिकली गो माझी सून!"

दिवाळी सरली तसा भाव उतरू लागला. मी सांगून ठेवलं होतं की नाताळच्या बोटी निघाल्या की असं होईल, म्हणून कोणी घाबरलं नाही. पुन्हा सोडे सुरू केले.

माझं नेहमीच बरोबर आलं असं मात्र नाही. पुढच्या साली मी छातीठोक सांगितलं की भाव चढणार, आणि तो हललाच नाही. आठवडे गेले. अखेर शेठने येऊन सांगितलं की अमेरिकेच्या स्वतःच्या दर्यात यंदा कोळंबी अमाप सापडलीय, तिकडची गोदामं भरून वाहतायत. त्या मच्छीमारांना आम्ही कधी बघितलं नव्हतं, त्यांनी आम्हाला नाही. त्यांचं जाळं जड झालं आणि आमची पाटी हलकी झाली. राग यायला हवा होता, पण मला उलट त्या लोकांविषयी अनावर कुतूहल वाटलं. त्यांच्याही बायका भाव करत असतील का?

शेठ आमच्या उलथ्या होडीवर टेकून बसला. सासूने त्याला चहा दिला.

"मग ताई," तो म्हणाला, "आता नाताळनंतर, फेब्रुवारीत काय होईल? तुझा काय अंदाज?"

मी पाटी पालथी घालून तिच्यावर बसले. "आधी तुमी सांगा शेठ, अमेरिकेचं पोट भरलंय, तर जपानमध्ये सण कधी असतो?"