दुसरी रांग

गुरुजींना जीपमध्ये झोपवून महाडच्या दवाखान्यात न्यायला निघालो, तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. “पडवीत मुलं येतील… त्यांना परत पाठवू नकोस,” एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं, माझ्यासाठी काही सांगतील. छे! बायको समोर रडतेय आणि यांच्या डोक्यात मुलं! दवाखान्याच्या पायरीपर्यंतही ते पोचले नाहीत.

सगळं पोलादपूर त्यांना गुरुजी म्हणे, म्हणून लग्नानंतर मीही तेच म्हणू लागले. माणूस एकदम धीट. ओढ्याला पाणी चढलं की कापडे गावची पोरं पलीकडे अडकायची, मग हे धोतर खोचून एकेकाला खांद्यावर बसवून आणणार आणि मी काठावर देवाचा धावा करत उभी! असा हा माणूस एम.एड.चा प्रबंध लिहायला बसला आणि घाबरायला लागला. वर्गात ते बोलत असले की मुलं जागची हलायची नाहीत. पण इंग्रजी पुस्तकं पुढ्यात आली की यांना घाम फुटायचा. “असे दिसून आले” एवढं लिहून पेन थांबायचं. “मला दिसतं ते पुरत नाही गं, सिद्ध कर म्हणतात,” असं केविलवाणं तोंड करून सांगायचे. पुण्याच्या मार्गदर्शक सरांचं पत्र आलं तर फोडायला माझ्याकडे द्यायचे.

विषय मात्र त्यांचा स्वतःचा होता. मुलं घरी जसं बोलतात तसंच फळ्यावर लिहायचं आणि त्यावरून वाचायला शिकवायचं. “आई भात लावते हाय,” असं. पाचवीतल्या कच्च्या मुलांच्या त्यांनी दोन रांगा केल्या. पहिलीला ही नवी रीत, दुसरीला नेहमीचं पुस्तक, आणि वर्षअखेर दोन्हींची परीक्षा घेऊन फरक मांडायचा. सुरुवातीला बरं चाललं. मग एके दिवशी दुसऱ्या रांगेतली कापड्याची एक मुलगी उभी राहिली. “गुरुजी, आमाला का नाय तसा शिकवत? आमचा काय चुकला?”

त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पडवीची भिंत काळी रंगवली आणि शाळा सुटल्यावर दुसरी रांग आमच्या घरी, त्याच नव्या रीतीने शिकायला! “अहो, सरांना कळलं तर?” मी विचारलं. “कळणारच…” म्हणाले. चेहरा पांढराफटक पडला होता, पण खडू काही खाली ठेवला नाही.

परीक्षेत दोन्ही रांगा सारख्याच उतरल्या. आता आली का पंचाईत! तसंच लिहावं, तर नव्या रीतीत काही राम नाही असं ठरणार. शाळेतले एक जण म्हणाले, दुसऱ्या रांगेचे गुण थोडे उतरवा, कोण बघतंय? पदवी मिळाली असती, मागोमाग हेडमास्तरकीही. गुरुजींनी ऐकलं नाही. पुण्याला मी बरोबर गेले. सरांच्या दाराची कडी वाजवायला यांचा हात उचलेना. शेवटी मीच वाजवली.

आत त्यांनी सगळं सांगून टाकलं. सर रागावले नाहीत. “पुढच्या वर्षी नव्याने करा. मात्र दुसऱ्या रांगेला नव्या रीतीचं काही सांगायचं नाही.” गुरुजी म्हणाले, “ते मला नाही जमायचं, सर.” परतताना वरंध घाटात एस्टीत तोंड फिरवून रडत होते. “मला संशोधन आलंच नाही गं…” प्रबंध राहिला तो राहिलाच. पडवी मात्र दरवर्षी भरत राहिली.

ते गेल्यावर कित्येक दिवस मी पडवीकडचं दार लावूनच होते. बाहेर मुलांची पावलं वाजली की मी आतल्या खोलीत जाऊन बसायचे. मुलं यायची, थोडं बसून निघून जायची. परवा दार उघडलं. काळ्या भिंतीसमोर सगळी बसली होती.

“काकू, आता आमाला कोन शिकवनार?”

मी सातवी शिकलेली बाई, मला काय येतं! खडू घेतला तर भिंतीकडे हात उचलेना, सरांच्या दारात त्यांचा उचलत नव्हता तसाच.

“सांगा,” मी म्हटलं, “आज घरी काय काय झालं?”