जवळ्याला ज्युनिपरचं कुंपण

मंडळी, आज दुपारी शाळेत शिकवून घरी आले आणि बघते तर गॅलरी रिकामी! माझे चारही बुटके ज्युनिपर कुंड्यांसकट गायब.

मोरपंखीच्या नात्यातली, पण टोचऱ्या पानांची ही झाडं मी रेवदंड्याच्या खाऱ्या वाऱ्यापासून आडोशाला ठेवून जपलीत. सासूबाईंना ती कधीच पटली नाहीत. "फूल न्हाय, फळ न्हाय, वाढत पन न्हाय. पोसतेस कशाला?"

धावत गच्चीवर गेले. कोपऱ्यात त्यांनी जवळा वाळत घातला होता आणि पुढे माझी झाडं पहाऱ्याला उभी! शेजारचा बोका लांब बसून नाक चाटत होता.

"तोंड खुपसलं नि टोचलं त्याला," सासूबाई खुशीत म्हणाल्या.

मी तणतणत कुंडी उचलली. तेवढ्यात दिसलं, समुद्राकडच्या कठड्यावर ओलं गोणपाट टांगलेलं.

"झाडांना खारा वारा बाधतो ना? तूच सांगतेस."

मी गुपचूप कुंडी खाली ठेवली.

"अजून एक आन. त्या फटीतून बोका शिरंल."

तर सांगा, अलिबागकडे चांगला ज्युनिपर कुठे मिळेल? या वेळी तो सासूबाईंना हवाय.