मावशींनी न केलेली सही

आठ माणसांच्या टेबलाची ऑर्डर मावशी कागद-पेन न घेता लक्षात ठेवायच्या. कुणाला तिखट कमी, कुणाला कांदा नको, सगळं. शुगर लँडमधल्या एका देशी रेस्टॉरंटमध्ये आम्ही दोघी वेट्रेस होतो. त्या नागपूरच्या, पन्नाशी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या. मी नुकतीच लग्न होऊन टेक्ससला आलेली.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला पगार समजावून सांगितला. "मालक तासाला दोन डॉलर एक सेंट देणार. किमान वेतन तीन पस्तीस. मधलं टिपेतून यायचं. नाही आलं तर मालकानं भरायचं, असा कायदा आहे." मग दमल्यासारखं हसल्या. "कायदा आहे म्हटलं. भरतो म्हटलं नाही."

१९८६ साली तेलाचे भाव पडले, इंजिनियरांच्या नोकऱ्या गेल्या, तशी दुपारची टेबलं ओस पडली. आपली मराठी माणसं यायची, 'मावशी, मावशी' करत तासभर बसायची आणि टीप न ठेवता उठायची. "घरच्या माणसाला टीप देणं त्यांना ऑकवर्ड होतं," असं म्हणत मावशी टेबल पुसायला घ्यायच्या.

कुणाला किती टीप मिळाली याचा कागद दर आठवड्याला मालक स्वतःच भरायचा. किमान वेतन पुरं होईल एवढा आकडा टाकायचा; आम्ही फक्त सही करायची. एका शुक्रवारी मावशींनी तो कागद परत सरकवला.

"जे मिळालंच नाही, त्यावर काहून सही करू?"

"मावशी, सगळे करतात," मालक म्हणाला.

"करू द्या."

पुढच्या आठवड्यापासून त्यांना बाथरूमजवळची दोन टेबलं मिळाली. मी सही करत राहिले. माझ्या नवऱ्याचा लेऑफ झाला होता. मावशी मला त्यावरून एकदाही बोलल्या नाहीत.

त्यांनी लेबर ऑफिसात तक्रार केली. काही दिवसांनी एक अधिकारी आला. माझ्यासमोर कागद ठेवून त्यानं विचारलं, हे आकडे खरे आहेत का? मालक काउंटरपाशी उभा होता. मावशी पाण्याचे ग्लास भरत होत्या.

मी म्हणाले, "येस."

मावशींचा हात थांबला नाही. सगळे ग्लास भरून झाल्यावरच त्या आत गेल्या.

त्याच शनिवारी त्या काम सोडून लेकीकडे डॅलसला निघाल्या. मला रडू आवरेना. "मावशी, मी त्या दिवशी..."

"घरात एकच पगार असला की असंच होतं," त्या म्हणाल्या. "टाचा दुखतात ना तुझ्या? जाड तळव्याचे बूट घे."

त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या, तर मी कधीतरी विसरले असते.