नाव फुटलं कुठून

माझ्या सासूबाई दवाखान्यात नर्स आहेत. लसीकरणाच्या खोलीच्या दारातून त्या बाळांची नावं पुकारतात, त्यामुळे कुठल्या नावाचं पीक आलंय ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. माझ्या बाळासाठी त्यांनी कुणाचंच नसलेलं नाव शोधलं. मधलं अक्षर लांबवून म्हणायचं आणि बाहेर चकार शब्द काढायचा नाही, अशी मला तंबी होती.

बाळाच्या पहिल्या लशीला त्यांनी ते नाव पुकारलं, तर माझ्यासोबत आणखी दोघी आपापली बाळं घेऊन उठल्या.

घरी माझी उलटतपासणी झाली. आईजवळ बोललीस का? मग नणंदेवर संशय, मग शेजारणीवर. माझा फोन वाजला की सासूबाईंच्या हातातलं काम थांबायचं. आपल्याच घरात मी चोर.

पुढच्या लशीला मी त्या दोघींतल्या एकीला सासूबाईंसमोरच गाठलं. "हे नाव कुठून उचललंत?"

"इथूनच," ती म्हणाली. "मी पोटुशी असताना थोरलीला घेऊन यायचे. दर खेपेला सिस्टर हे नाव पुकारायच्या आणि कुणीच उठायचं नाही. किती छान म्हणायच्या, मधलं अक्षर लांबवून."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली.

"अगं, कुणाचं नाही हे पुकारल्याशिवाय कळणार कसं?"